निगेटिव्ह साफ केली तरी प्रिंटवर पांढरे ठिपके: डार्करूममधल्या धुळीचा आणि स्टॅटिकचा बंदोबस्त

निगेटिव्हवर ब्लोअर मारला, ब्रश फिरवला, ती कॅरिअरमध्ये, म्हणजे निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीत, बसवली, प्रिंट काढली आणि आकाशात पुन्हा तेच पांढरे ठिपके. निगेटिव्ह बाहेर काढून पुन्हा पुसली, तर या वेळी ठिपके आधीपेक्षा जास्त. डार्करूममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं आणि बहुतेक जण यावर आणखी जोर लावून पुसायला लागतात. इथेच घोडं पेंड खातं. कोरडी फिल्म घासली की तिच्यावर विद्युत भार (स्टॅटिक) चढतो आणि भारित फिल्म आजूबाजूची धूळ स्वतःकडे ओढते. एक कण जातो, त्याच्या जागी तीन येतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी ठिपका कुठून आला ते शोधायचं, मग भार उतरवायचा, धूळ काढायची ती त्यानंतर.

ठिपका पांढरा की काळा?

पांढरा ठिपका म्हणजे एन्लार्जरचा (निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं करून पाडणाऱ्या यंत्राचा) प्रकाश कागदावर पोचण्याआधी कुठेतरी अडला. अडवणारा कण निगेटिव्हवर असेल, कॅरिअरच्या काचेवर असेल किंवा थेट कागदावर पडलेला असेल. काळ्या ठिपक्याची गोष्ट उलटी. फोटो घेतला त्या क्षणीच फिल्मवर कण बसलेला होता, त्याच्याखाली प्रकाश पोचला नाही, निगेटिव्हवर तेवढी जागा पारदर्शक राहिली आणि प्रिंटवर ती काळी उमटली. अशी निगेटिव्ह कितीही साफ केली तरी फरक पडणार नाही, कारण तिच्यावर काढण्यासारखं काही उरलेलंच नाही. तिथे कॅमेऱ्याचा आतला भाग, रोलच्या डबीचं तोंड आणि शीट फिल्म (एकेक सुटी फिल्म) वापरत असाल तर ती धरणारे होल्डर साफ करायला हवेत. काळा ठिपका अगदी गोल आणि रेखीव कडेचा असेल तर तो धुळीचाही नाही. डेव्हलप करताना फिल्मला चिकटून राहिलेल्या हवेच्या बुडबुड्याची ती खूण आहे. डेव्हलपर ओतल्यावर टाकी ओट्यावर दोन-तीनदा ठोकली की बुडबुडे सुटतात.

रेघांचंही असंच. फिल्मच्या गुळगुळीत बाजूवर चरा पडला असेल तर तो प्रकाश विखुरतो आणि प्रिंटवर पांढरी रेघ दिसते. इमल्शनच, म्हणजे चित्र धरणारा थरच, खरवडून निघालं असेल तर रेघ काळी येते.

आणखी एक प्रकार आहे, तो धुळीत धरला जातो पण धुळीचा नसतो. प्रिंटवर झाडाच्या मुळांसारख्या फाटे फुटलेल्या फिकट रेषा किंवा फिकट ठिपक्यांची रांग दिसते. निगेटिव्हवर तीच खूण गडद असते. फिल्म कॅमेऱ्यात किंवा रीळवर असतानाच ठिणगी पडली आणि त्या ठिणगीच्या उजेडाने फिल्म एक्स्पोज झाली, असा त्याचा अर्थ. कोरड्या थंड हवेत रोल झपाझप गुंडाळला की हे होतं. सिनेमाच्या कलर निगेटिव्ह फिल्मच्या पाठीवर रेमजेट नावाचा काळा कार्बनचा थर असायचा, त्याचं एक काम हेच, भार साठू न देणं. हा थर आधीच काढून स्थिर कॅमेऱ्यासाठी भरलेली फिल्म त्यामुळे अशा खुणांना जास्त बळी पडते. ती हळू वाइंड करावी, हळू रिवाइंड करावी.

आता पांढऱ्या ठिपक्याचा नेमका पत्ता. निगेटिव्हला हात न लावता एकामागोमाग दोन प्रिंट काढा. ठिपका दुसऱ्या प्रिंटवर नसेल किंवा भलत्याच जागी असेल तर कण कागदावर किंवा ईझलवर (कागद धरणाऱ्या चौकटीवर) होता. ठिपका दोन्हीकडे त्याच जागी असेल तर निगेटिव्ह कॅरिअरमध्ये थोडी सरकवून तिसरी प्रिंट काढा. चित्राबरोबर ठिपकाही सरकला तर कण फिल्मवर आहे. चित्र सरकलं आणि ठिपका जागचा हलला नाही तर तो काचेवर किंवा कंडेन्सरवर (दिव्याचा प्रकाश निगेटिव्हवर एकवटणाऱ्या भिंगांवर) आहे. कंडेन्सरवरचा कण बहुतेक वेळा धूसर, पसरट डाग देतो, कारण तो फोकसमध्ये नसतो. एन्लार्जरच्या लेन्सवरची धूळ ठिपके देत नाही, ती सगळ्या प्रिंटचा कॉन्ट्रास्ट थोडा मारते. ठिपके आले म्हणून लेन्स घासत बसण्यात अर्थ नाही. हे सगळं तपासायला कागदाच्या छोट्या पट्ट्याही पुरतात, पूर्ण कागद घालवायची गरज नाही.

भार चढतो कुठे?

आपण धुळीच्या मागे लागतो, पण भार चढवणारी कामं आपल्याच हातून चाललेली असतात. प्लॅस्टिकच्या स्लीव्हमधून निगेटिव्हची पट्टी सर्रकन ओढली की झाला भार तयार. दोन वेगळे पदार्थ एकमेकांवर घासून विलग झाले की एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण भार राहतो, आणि जितक्या वेगाने विलग कराल तितका तो जास्त. एन्लार्जरवर घातलेलं प्लॅस्टिकचं आच्छादन ओढून काढणं हासुद्धा तोच प्रकार. वर साठलेली सगळी धूळ हवेत उडते ती वेगळीच. आच्छादन सुती ठेवा, किंवा काम सुरू करण्याच्या तासभर आधी ते काढून ठेवा. पॉलिस्टरचा शर्ट किंवा लोकरीचा स्वेटर घालून डार्करूममध्ये जाऊ नये. सुती ॲप्रन अंगावर असला की तंतूही कमी गळतात.

फिल्मचा बेस (इमल्शनखालचं प्लॅस्टिक) ॲसिटेटचा असो की पॉलिस्टरचा, तो विद्युतरोधक असतो. एन्लार्जरला अर्थिंग द्यावं हा सल्ला वारंवार मिळतो आणि तो योग्यही आहे. धातूचा सांगाडा आणि कॅरिअर नीट अर्थ झालेले असले की यंत्र स्वतः भार धरत नाही, शिवाय ओल्या हातांनी काम करताना विजेच्या धक्क्यापासूनही संरक्षण मिळतं. जुन्या एन्लार्जरला दोन पिनांची वायर असेल तर ती जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावी. पण अर्थिंगमुळे फिल्मवरचा भार उतरत नाही. रोधक पदार्थावरचा भार जिथे असतो तिथेच अडकून राहतो, तो वाहून वायरीपर्यंत पोचतच नाही. त्याला उतरवायचे मार्ग दोनच: हवेतला ओलावा, नाहीतर हवेतले आयन (भारित कण).

ओलावा हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. एक साधा आर्द्रतामापक भिंतीवर लावा. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की स्टॅटिकचा त्रास झपाट्याने वाढतो, ५० च्या आसपास तो बराच निवळतो. एअर कंडिशनर आणि हीटर दोन्ही हवा कोरडी करतात, म्हणून बंद खोलीत बाहेरच्या हवामानावर विसंबू नये. ह्युमिडिफायर वापरणार असाल तर एक काळजी घ्या. अल्ट्रासॉनिक प्रकारच्या यंत्रात नळाचं पाणी भरलं तर पाण्यातले क्षार बारीक पांढऱ्या पुडीच्या रूपात हवेत जातात, म्हणजे धूळ घालवायला आणलेलं यंत्रच धूळ बनवतं. त्यात डिस्टिल्ड वॉटर घाला किंवा ओल्या वातीवरून हवा सोडणारं यंत्र घ्या. ओलावा ६० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. फिल्म लवकर वाळत नाही आणि काचेच्या कॅरिअरमध्ये न्यूटनची वलयं (फिल्म काचेला टेकली की दिसणारी कडी) त्रास द्यायला लागतात.

आयनांसाठी तीन साधनं प्रचारात आहेत. रेकॉर्डच्या तबकड्यांसाठी निघालेली पिझोइलेक्ट्रिक पिस्तुलं निगेटिव्हवरही चांगली चालतात. घोडा सावकाश दाबताना धन आयन सुटतात आणि सावकाश सोडताना ऋण. पिस्तुल वीत-दीड वीत दूर धरा, आणि खटकन दाबून ठिणगी पाडू नका. हे साधन डेव्हलप झालेल्या फिल्मसाठीच ठेवा. कोऱ्या फिल्मच्या जवळ कसलीही ठिणगी नको. दुसरं साधन म्हणजे पोलोनियम-२१० ची पट्टी बसवलेले ब्रश. त्यातून निघणारे अल्फा कण ब्रशजवळची हवा आयनित करतात आणि भार लगेच उतरतो. पण पोलोनियम-२१० चं अर्धायुष्य १३८ दिवसांचं आहे. वर्षभरात त्याची ताकद सहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. कुणाच्या जुन्या सामानात असा ब्रश मिळाला तर तो आता फक्त एक मऊ ब्रश आहे असं समजावं. त्याची पट्टी उचकटू नये, तिला बोट लावू नये, कारण हा पदार्थ पोटात किंवा फुफ्फुसात गेला तर अत्यंत घातक आहे. तिसरं साधन कार्बनच्या तंतूंचा ब्रश. तंतू वाहक असल्याने हातातून थोडा भार निघून जातो. तो स्वस्त आहे, टिकाऊ आहे, फक्त इमल्शनवर दाबून फिरवू नये.

माझं मत विचाराल तर ओलावा नीट ठेवला आणि एक पिस्तुल जवळ असलं की बाकी कशाची गरज सहसा पडत नाही.

साफ करण्याची रीत

निगेटिव्ह कडेने धरून कॅरिअरमध्ये बसवा. एन्लार्जरचा दिवा लावा, खोलीतला बाकी उजेड बंद करा आणि कॅरिअर अर्धा बाहेर ओढा, म्हणजे दिव्याचा झोत फिल्मवर तिरपा पडेल. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक कण लखलखतो. वरून सरळ बघताना जी फिल्म स्वच्छ वाटते तिच्यावर या उजेडात तंतू, कोंडा, कागदाचा भुगा असं सगळं दिसतं. नीट निरखलंत तर भारही दिसतो: एखादा बारीक तंतू एका टोकाने फिल्मला चिकटलेला असतो आणि दुसरं टोक उभं राहून थरथरत असतं. ब्लोअरची फुंकर मारली की तो आडवा होतो, फुंकर थांबली की पुन्हा उभा. कधी कधी उडालेला तंतू हवेत वळून परत फिल्मवर येऊन बसताना डोळ्यांसमोर दिसतो. असं दिसलं की ब्लोअर खाली ठेवा आणि आधी भार उतरवा. भार उतरला की तोच तंतू मलूल पडतो आणि साध्या फुंकरीने निघून जातो.

फुंकर मारताना फिल्म उभी धरा, म्हणजे सुटलेला कण खाली पडेल, परत फिल्मवर नाही. हवेचा झोत तिरपा ठेवा. रबरी फुग्याचा ब्लोअर पुरेसा असतो. डब्यातली दाबाखालची हवा वापरत असाल तर डबा सरळ उभा धरा, हलवू नका आणि पहिला झोत बाजूला सोडा. डबा तिरपा झाला तर आतला द्रव वायू फिल्मवर उडतो आणि डाग पाडतो. तोंडाने फुंकू नका. थुंकीचा एक शिंतोडा दहा कणांपेक्षा वाईट.

फुंकरीने न निघालेल्या कणासाठी मऊ ब्रश, तोही एकाच दिशेने, एकदाच, वजन न देता. ब्रशचे केस बोटांनी चाचपून बघण्याची सवय मोडा, कारण बोटांचं तेल केसांवरून फिल्मवर जातं. ब्रश स्वतःच्या डबीत ठेवावा, ओट्यावर उघडा नाही.

बोटांचे ठसे आणि तेलकट डाग कोरड्या पद्धतीने जात नाहीत. त्यासाठी ९८ ते ९९ टक्के शुद्धतेचा आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ, तंतू न सोडणाऱ्या कापडावर थोडासा घेऊन अलगद पुसा. जखमा पुसायचा ७० टक्क्यांचा अल्कोहोल घेऊ नका. त्यातल्या पाण्याने इमल्शन फुगतं आणि वाळताना डाग राहतात. ॲसिटोन तर अजिबात नको, तो ॲसिटेटचा बेस विरघळवतो. अल्कोहोल पेट घेतो, म्हणून एन्लार्जरच्या तापलेल्या दिव्यापासून दूर, हवा खेळती असेल तिथे हे काम करा, आणि फिल्म पूर्ण कोरडी झाल्यावर भार पुन्हा तपासा.

काचेच्या कॅरिअरबद्दल एक हिशोब लक्षात ठेवा. बिनकाचेच्या कॅरिअरमध्ये धूळ बसायला फिल्मच्या दोनच बाजू असतात. दोन काचा आल्या की चार पृष्ठभाग वाढतात, एकूण सहा. फिल्म सपाट राहण्यासाठी काच लागतेच असं नसेल तर छोट्या निगेटिव्हना बिनकाचेचा कॅरिअर बरा. त्यातही ३५ मिमीची निगेटिव्ह ८×१० इंचांवर नेताना साधारण साडेआठ पट मोठी होते, म्हणजे ०.१ मिमीचा कण प्रिंटवर मिलिमीटरच्या जवळपास जातो. ४×५ इंचांच्या शीटवरचा तोच कण त्याच आकाराच्या प्रिंटवर फक्त दुप्पट होतो. कंडेन्सर एन्लार्जर धूळ आणि चरे जास्त ठळक दाखवतो, डिफ्यूजनचा, म्हणजे विखुरलेला, प्रकाश त्यांना बराच झाकतो. निगेटिव्ह जुनी आणि चऱ्यांनी भरलेली असेल तर डिफ्यूजन हेडवर प्रिंट काढून पाहावी.

हलतच नाही असा कण

वाळतानाच बसलेली धूळ. ओलं इमल्शन चिकट असतं, त्यावर पडलेला कण आत रुततो आणि फिल्म वाळली की तिथेच कोंडला जातो. त्याला ब्रशने टोकरलं तर कणाबरोबर इमल्शनही निघतं. ब्रश ठेवून द्या आणि फिल्म पुन्हा भिजवा. २० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या डिस्टिल्ड पाण्यात पट्टी दहाएक मिनिटं सोडा. इमल्शन फुगलं की कण सैल होतो, मग पाणी हळूच हलवून त्याला जाऊ द्या. बोटाने चोळू नका, या अवस्थेत नखसुद्धा चरा पाडतं. शेवटी वेटिंग एजंट (पाण्याचे थेंब फिल्मवर साचू न देणारं द्रावण) घातलेल्या ताज्या डिस्टिल्ड पाण्यातून काढून पुन्हा वाळत घाला. सगळी पाणी एकाच तापमानाची ठेवा. खोल रुतलेले काही कण यानेही निघत नाहीत, त्यांच्यासाठी प्रिंटवर स्पॉटिंग (ठिपक्यावर ब्रशने रंग भरणं) हाच मार्ग.

पांढरट, वलयासारखा, फुंकरीला अजिबात दाद न देणारा डाग असेल तर ती धूळ नाही, पाण्यातल्या क्षारांची खूण आहे. गुळगुळीत बाजूवर असेल तर तोंडाची वाफ सोडून मायक्रोफायबरने हलकेच पुसला की जातो. इमल्शनच्या बाजूला असेल तर पुन्हा भिजवणं आलं.

म्हणून सगळ्यात जास्त काळजी वाळवताना घ्या. फिल्म टांगण्याआधी बंद न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ होऊ द्या आणि ती बसेपर्यंत थांबा. वाफेबरोबर हवेतली धूळही खाली बसते. मग फिल्म टांगा, खालच्या टोकाला वजनाचा चिमटा लावा, दार लावून घ्या आणि ती वाळेपर्यंत आत जाऊ नका. पंखा लावू नका. रबरी स्क्वीजीने पाणी निपटू नका. रबरात एक कण अडकला असला तरी पट्टीभर सरळ चरा पडतो. वेटिंग एजंट बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घाला, जास्त झाला तर त्याचाच थर फिल्मवर राहतो.

खोली

कोरड्या झाडूने डार्करूम झाडू नये. ओल्या फडक्याने ओटा, फरशी, फळ्या पुसाव्यात, आणि तेही काम सुरू करण्याच्या लगेच आधी नाही. एन्लार्जरचं डोकं उघडून दिव्याची जागा, कंडेन्सर आणि भात्याचा आतला भाग मधूनमधून व्हॅक्यूमने साफ करा. दिवा तापला की आत हवेचे प्रवाह फिरतात आणि वर साठलेली धूळ निगेटिव्हवर उतरते.

फिक्सर किंवा डेव्हलपरची पावडर डार्करूममध्ये मिसळू नका. तिचे उडालेले कण फिल्मवर किंवा कागदावर बसले की नुसता प्रकाश अडवत नाहीत, रासायनिक डागही पाडतात.

एवढं करूनही धूळ हटत नसेल तर एक्झॉस्ट फॅनकडे बघा. फॅन हवा बाहेर ओढतो तेव्हा तेवढीच हवा दाराच्या फटींतून, पाइपांच्या भोकांतून, छताच्या भेगांतून आत येते आणि येताना धूळ आणते. उदबत्ती पेटवून दाराच्या फटीजवळ धरली की धूर कुठे वळतो ते दिसतं; आतच वळत असेल तर कारण सापडलं. यावर उपाय म्हणजे फिल्टरमधून हवा आत ढकलणारा फॅन बसवायचा आणि त्याचा जोर एक्झॉस्टपेक्षा थोडा जास्त ठेवायचा, म्हणजे फटींतून हवा बाहेर जाईल. एक्झॉस्ट मात्र बंद करू नका, रसायनांची वाफ बाहेर गेलीच पाहिजे.

शीट फिल्मवाल्यांसाठी शेवटचं. होल्डर भरण्याआधी उघडून व्हॅक्यूम करा, डार्कस्लाइडची (होल्डरच्या सरकत्या झाकणाची) खाच विशेषतः, आणि भरलेले होल्डर झिप पिशवीत ठेवा. फोटो घेताना डार्कस्लाइड हळू काढा, झटका दिला की भार चढतो आणि खाचेतली धूळ थेट फिल्मवर जाते. तरीही काळे ठिपके आलेच तर निगेटिव्हच्या गुळगुळीत बाजूला त्या भोकावर अपारदर्शक रंगाचा टिंब लावा. प्रिंटवर काळ्याऐवजी पांढरा ठिपका येईल, आणि पांढरा ठिपका ००० नंबरच्या ब्रशने स्पॉटिंगचा रंग भरून सहज मिटवता येतो.